उजवीकडून आलेलं वऱ्हाड

सुकन्याला डावं-उजवं चटकन कळायचं नाही. कुणी "डावीकडं बघ" म्हटलं की ती आधी मनातल्या मनात घास उचलायची, तो हात उजवा धरायची आणि मग उरलेल्या बाजूला मान वळवायची. तोवर बघण्यासारखं जे काही असेल ते निघून गेलेलं असायचं. बारामतीला कॉलेजात गेल्यावर तिनं हौसेनं एनसीसीत नाव घातलं. पहिल्याच परेडला सगळ्या मुली एका अंगाला वळल्या आणि ही त्यांच्या समोरासमोर तोंड करून उभी राहिली. तिथंच तिची एनसीसी संपली. घरात हसायला विषय कमी पडला की हा विषय निघायचा आणि तीही त्यांच्यात हसायची.

तिच्या थोरल्या भावाचं, रामचं, लग्न ठरलं ते मे महिन्यात. मुलगी इंदापूर तालुक्यातलीच, कालव्याच्या अंगाला असलेल्या देवकातेवस्तीवरची. खंडू देवकात्यांची दिपाली. दोन्ही घरं सारखीच. आज्याच्या काळात मेंढरं होती, पावसाळा संपला की बिऱ्हाड घोड्यावर घालून कोकणात उतरायचं. आता दोन्हीकडं ऊस होता, गाई होत्या, घरावर पत्रा होता. सुकन्याच्या वडिलांचा, बिरूआबांचा, त्या पत्र्यानंच घात केला होता. लग्नाला मांडव घालायचा म्हणून गोठ्याचा पत्रा सारखा करायला वर चढले आणि खाली आले ते पाय मोडूनच. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून ते बाजेवर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होते.

वऱ्हाड न्यायला शेजारच्या संभाजीतात्यांचा ट्रॅक्टर होता. तात्या भवानीनगरच्या कारखान्याला ऊस ओढायचे. हंगामभर दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडून त्यांचा तांबडा ट्रॅक्टर धावायचा. हंगाम नुकताच सरला होता. "बिरूच्या पोराचं वऱ्हाड दुसऱ्याच्या गाडीतनं गेलं तर मी शेजारी कशाला ऱ्हायचा," असं म्हणून तात्यांनी स्वतः ट्रॅक्टर धुतला, बॉनेटला आंब्याचे टहाळे बांधले आणि ट्रॉलीच्या चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट उभे केले. पुढच्या ट्रॉलीत नवरदेव, बायका आणि बाजेसकट बिरूआबा. मागच्या ट्रॉलीत बाकीची माणसं. खाली उसाचं पाचट, त्याच्यावर मोठ्या चौकड्याची सतरंजी. करवली म्हणून शकुनाचा दिवा सुकन्याकडं होता. तो मांडीवर घेऊन ती भावाच्या शेजारी बसली होती.

निघायला उशीर झालाच. त्यात पुढं मोठ्या रस्त्यावर पुलाचं काम चाललेलं आणि वाहनांची रांग लागलेली. तात्यांनी मान काढून ती रांग पाहिली आणि ट्रॅक्टर सरळ मळ्यात घातला.

हा मळा एका जुन्या कंपनीचा होता. इंग्रजांच्या वेळेला कुणीतरी कागदावर पट्टी ठेवून रेघा मारल्या असाव्यात आणि त्याच जमिनीवर उतरवल्या असाव्यात असा. सगळे प्लॉट सारख्या मापाचे चौकोन, आणि मधून ट्रक जाईल एवढ्या रुंद कच्च्या वाटा, उभ्या आणि आडव्या. आडवाटेनं गेलं की वस्ती अर्ध्या वेळात गाठता येते, असं तात्यांचं म्हणणं. ते बरोबरही होतं. पण पाण्याच्या एका चारीवरच्या मोरीवरून जाताना ट्रॅक्टर गेला, पहिली ट्रॉली गेली आणि दुसरीचं एक चाक कडेच्या खड्ड्यात उतरलं. मोठा हिसका बसला. मागच्या ट्रॉलीतली माणसं एकमेकांच्या अंगावर गेली, पुढच्या ट्रॉलीत केळीचा एक खुंट सुकन्याच्या छबूआत्याच्या डोक्यावर कलला. तात्यांनी ॲक्सिलेटर दाबला, ट्रॅक्टर गुरगुरला आणि चाक वर आलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

तात्या खाली उतरून मागं गेले. वाकून बघितलं, पुढं आले, पुन्हा वाकले. मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"काय झालं तात्या?" रामनं मुंडावळ्या बाजूला सारून विचारलं.

"दांडी वाकली," तात्या म्हणाले. ट्रॅक्टरला पहिली ट्रॉली जोडणारी लोखंडी दांडी डाव्या अंगाला पिळवटली होती. ट्रॅक्टर डावीकडं वळवायला गेलं की ट्रॉलीचा कोपरा मोठ्या चाकाच्या टायरवर घासायचा. थोडं जास्त वळवलं असतं तर टायर फाटलाच असता. उजवीकडं वळायला काही अडचण नव्हती, सरळ जायलाही नव्हती. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्यामुळं मागं घेणं आधीच जमत नाही, मागची ट्रॉली आडवी होऊन बसते. मागची सोडावी म्हटलं तर तिची पिनसुद्धा हिसक्यानं वाकून भोकात अडकली होती. तात्यांनी घण घालून बघितला. पिन हलली नाही.

"म्हणजे डावीकडं वळायचं न्हाय, मागं यायचं न्हाय आणि सोडायचं पन न्हाय," बिरूआबा बाजेवरून म्हणाले. "आन वस्ती हाय डावीकडं."

वस्ती दिसत होती. लांब हिरव्या उसाच्या वर मांडवाचा पिवळा कापडी माथा दिसत होता आणि लाउडस्पीकरचा आवाज वाऱ्याबरोबर कमी-जास्त होत होता.

पोरं म्हणाली, चालत जाऊ. अंतर कोसभरच होतं. पण ऊन डोक्यावर आलेलं, म्हाताऱ्या बायका नऊवारीत, आणि आबांना न्यायचं कसं? बाज चौघांनी उचलायची म्हटलं तर आत्या लगेच म्हणाली, "लग्नाच्या दिवशी माणसाला चौघांनी उचलून न्यायचं व्हय? जीभ झडंल." तो विषय तिथंच संपला. सुकन्याची आई, सारजाबाई, म्हणाली की ते हितं तर मी हितं. मग सगळेच तिथं.

त्यात आत्याचं निराळंच चाललं होतं. छबूआत्या म्हणजे बिरूआबांची थोरली बहीण. सुपारी फुटली त्या दिवशी देवकात्यांनी तिला उशिरा चहा दिला होता, तो तिनं अजून पोटात ठेवला होता. "वऱ्हाड कुठं अडलं बघायला एक माणूस धाडलं न्हाय त्यांनी," ती म्हणाली. "मी तर ठरवलंय. तितं गेल्यावर पहिल्यांदा रुसायचं."

"आत्या, आधी जाऊ तर दे," राम म्हणाला.

एवढ्यात सायकलवरून पाटकरी आला. कालव्याचं पाणी कुठल्या चारीला सोडायचं ते बघणारा माणूस. खांद्यावर फावडं, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. वस्तीकडं जाणारा रस्ता पुढच्याच चौकात आहे, पण तो तुमच्या कामाचा नाही, असं त्यानं सांगितलं. पाइपलाइनसाठी त्या रस्त्यावर मधोमध चर खणलेला होता.

"दुसऱ्या वाटा?" तात्यांनी विचारलं.

पाटकरी हातवारे करून सांगू लागला. ती वाट, मग पल्याडची, मग चिंचेच्या अल्याडची. कुणाला काही कळेना. सुकन्याला तर बिलकूल कळेना, कारण तो प्रत्येक वाक्यात डावं आणि उजवं म्हणत होता. ती खाली बघत बसली होती, आणि खाली चौकड्याची सतरंजी होती.

"थांबा जरा," ती म्हणाली. "सगळे पाय वर घ्या."

बायकांनी पाय वर घेतले. सतरंजीच्या चौकड्या मोकळ्या झाल्या. सुकन्यानं दिवा आईकडं दिला आणि ओटीच्या पिशवीत हात घातला.

"अगं, ओटीचं सामान हाय ते," आत्या म्हणाली.

"परत ठेवते आत्या." तिनं नारळ काढून सतरंजीच्या वरच्या बाजूला ठेवला. "ही वस्ती. चौकड्या म्हणजे प्लॉट, मधल्या पट्ट्या म्हणजे वाटा. आता काका, तुमी बोटानं दाखवा. डावं-उजवं बोलू नका."

पाटकऱ्याला ते पटलं. तो सायकल लावून ट्रॉलीच्या फळीला टेकला आणि बोट ठेवत गेला. उभे रस्ते तीन. अलीकडचा चिंचेचा, जो मागं राहिला होता. मधला वस्तीचा, जो पुढच्या चौकात येणार होता. त्याच्या पलीकडचा कालव्याकडचा, त्याच्यापुढं कालव्याचा भराव, म्हणजे मळा संपला. आडव्या वाटा चार. सगळ्यात वरची वस्तीच्या दारावरून जाणारी. तिच्या खाली एक. मग ज्या वाटेवर ट्रॅक्टर उभा होता ती. आणि तिच्याही खाली एक. ट्रॅक्टर म्हणून सुकन्यानं सुपारी ठेवली. जिथं चर खणला होता तिथं, वस्तीच्या रस्त्यावर सुपारीच्या जरासं वर, हळकुंड ठेवलं. पाटकऱ्यानं आणखी एक अडचण सांगितली. वरून दुसऱ्या वाटेवर, चिंचेचा रस्ता आणि वस्तीचा रस्ता यांच्या मधे, बाभळ मोडून आडवी पडली आहे. तिथं खारीक ठेवली.

"बाकी?"

"बाकी मोकळं. सकाळीच फिरलोय."

तात्या ट्रॉलीच्या फळीवर चढून सतरंजीवर वाकले. त्यांच्या डोक्यात काही आलं होतं. "हे बघ, डावीकडं वळायचं नसंल तर एका डाव्याच्या जागी तीन उजवी घ्यायची. चौक ओलांडून पुढं जायचं, एका प्लॉटला वळसा घालायचा, तेच तोंड हुतंय." त्यांनी सुपारी चौकातून पुढं नेली, कालव्याच्या रस्त्याला खाली वळवली, खालच्या वाटेला वळवली, वस्तीच्या रस्त्याला वर काढली. सुपारी वर सरकली आणि हळकुंडाला टेकली.

"चर," आबा म्हणाले.

"व्हय की." तात्यांनी सुपारी परत आणून ठेवली.

मग रामनं हात घातला. नवरदेवाच्या हातात कट्यार होती, ती त्यानं काखेत धरली. "चौकात खाली वळू, खालच्या वाटेनं मागं येऊ, चिंचेच्या रस्त्यानं वर जाऊ. दुसऱ्या वाटेला उजवीकडं..." सुपारी खारकेला टेकली.

"बाभळ," मागच्या ट्रॉलीतून कुणीतरी म्हणालं. तिथली माणसंही आता फळीला लोंबकळून बघत होती. एक-दोन पोरं खाली उतरून चाकावर चढली होती. जो तो एक सुचवायचा, सुपारी जायची आणि कुठंतरी टेकायची. लग्नाला जायचंय हे थोडा वेळ कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

सुकन्या सतरंजीकडं बघत होती. इतर वेळी रस्ता सांगताना तिची जी धांदल व्हायची ती आज होत नव्हती, हे तिच्या ध्यानात आलं. वळायचं तर एकाच बाजूला. जेवणारा हात तेवढा बघायचा, दुसरा विसरून जायचा. चुकायला जागाच नव्हती. तिनं सुपारी सोडून दिली आणि नारळापासून सुरुवात केली. वस्तीत शिरायचं तर कसं शिरता येईल? खालून सरळ वर, वस्तीच्या रस्त्यानं. नाहीतर वरच्या वाटेनं कालव्याच्या बाजूनं यायचं, मग वस्ती जेवणाऱ्या हाताला. चिंचेच्या बाजूनं आलो तर नारळ दुसऱ्या हाताला राहतो, तिकडं वळता येत नाही. म्हणजे कालव्याच्या बाजूला आधी पोचायला हवं. पण कालव्याच्या रस्त्याला खालून वर कुठूनच शिरता येत नव्हतं, फक्त खाली उतरता येत होतं. खाली उतरायचं म्हणजे वरून यायला हवं. आणि वरून यायला एकच वाट होती.

तिनं सुपारी उचलली. चौकात खाली वळवली. खालच्या वाटेनं मागं आणली. चिंचेच्या रस्त्यानं वर काढली, आत्ता जिथं उभे होते ती वाट ओलांडून, बाभळीची वाटही ओलांडून, थेट वरच्या वाटेपर्यंत. तिथं वळवली. नारळाच्या अगदी समोरून सुपारी पुढं गेली.

"अगं अगं, वस्ती ऱ्हायली," तात्या म्हणाले.

"ऱ्हाऊ दे." ती कालव्याच्या रस्त्यापर्यंत गेली, खाली वळली, बाभळीच्या वाटेला लागली. बाभळ होती ती चिंचेकडच्या तुकड्यावर. हा कालव्याकडचा तुकडा मोकळाच होता. त्यावरून वस्तीच्या रस्त्यावर. तिथं चर खाली राहिला होता. शेवटचं वळण घेऊन सुपारी वर आली आणि नारळाला टेकली.

तात्यांनी बोटानं तीच वाट पुन्हा एकदा चालून बघितली. मग पाटकऱ्यानं बघितली.

"बसतंय," पाटकरी म्हणाला.

"बसतंय, पण वऱ्हाड नवरीच्या दारावरनं पुढं न्यायचं?" आत्यानं विचारलं. "लोक काय म्हणतील?"

"वळणं किती झाली?" सारजाबाईंनी मधेच विचारलं. सुकन्यानं मोजली. सात.

"सात उजवी," आत्या म्हणाली आणि जरा थांबली. "मग हरकत न्हाय. सात चांगलं."

पाटकरी वस्तीवरूनच पुढं जाणार होता. सुकन्यानं त्याला सांगून ठेवलं, "म्हणावं, ट्रॅक्टर डावीकडं वळत न्हाय, फेऱ्यानं येतोय, काळजी करू नका." तो मान हलवून सायकलवर बसला आणि चर ओलांडायला सायकल खांद्यावर घेऊन गेला. ट्रॅक्टर सुरू झाला.

पहिलं वळण म्हणजे वस्तीकडं पाठ. बायकांना उगीचच कसंतरी वाटलं. सुकन्या पुढं सरकून तात्यांच्या मागं उभी राहिली, एक हात केळीच्या खुंटाला, दुसरा मोकळा. चौक आला की ती जेवणारा हात वर करायची आणि तात्या त्या बाजूला वळवायचे. खालची वाट सरळ होती, दोन्हीकडं खोडव्याचा ऊस गुडघाभर आलेला. चारीतून पाणी जात होतं. चिंचेच्या रस्त्याला सावली लागली, बायकांनी पदर सैल केले, आणि सारजाबाईंनी पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढून वाटले. आपली मगाची जागा ओलांडताना मागच्या ट्रॉलीतली पोरं ओरडली, "हितंच होतो की आपण." आबा बाजेवर आडवे होऊन आभाळाकडं बघत होते. "मेंढरं अशीच न्यायला लागायची," ते कुणालाच न उद्देशून म्हणाले. "उभ्या पिकाला वळसा घालत घालत. दिवसभर चाललं तरी गाव मागंच दिसायचं. लय बरं वाटायचं."

वरच्या वाटेला लागल्यावर लाउडस्पीकर स्पष्ट ऐकू येऊ लागला. मांडवातली माणसं दिसली. बँडवाले उठून उभे राहिले, एकानं तोंडाला पिपाणी लावली. तात्यांनी हॉर्न दिला. वस्तीच्या रस्त्याचा चौक आला, आणि ट्रॅक्टर सरळ पुढं निघाला.

बँड एकदम बंद पडला.

मांडवातून गलका ऐकू आला. मग वस्तीवरची माणसं पळत सुटली. पांढऱ्या टोप्या, फेटे, एक जण तर वाढपाची पळी हातात घेऊनच. रस्त्याकडेच्या उसातून आडवी धावत ती ट्रॅक्टरच्या पुढं येऊन उभी राहिली आणि एकमेकांचे हात धरून त्यांनी वाट अडवली. तात्यांनी ब्रेक मारला. सगळ्यांच्या पुढं खंडू देवकाते होते, दिपालीचे वडील. फेटा सुटून खांद्यावर आलेला, तोंड पडलेलं.

"तात्या, वळवा," ते म्हणाले.

"वळत न्हाय," तात्या म्हणाले.

"पाटकऱ्यानं सांगितलं आमाला. वऱ्हाड वळत न्हाय म्हणतंय म्हणून. आमाला खरं वाटलं न्हाय. पाव्हणं, असं करू नका."

"अवो, खरंच वळत न्हाय."

"काय चुकलं ते तरी सांगा." खंडूआबांनी ट्रॉलीजवळ येऊन हात जोडले. त्यांची नजर बिरूआबांवरून आत्यावर गेली. "मानपानात काय ऱ्हायलं असंल, कुणाचं मन दुखलं असंल, तर आत्ता हितं सांगा. हितल्या हितं पुरं करतो. पोरगी बोहल्यावर बसायची हाय माझी."

ट्रॉलीतली सगळी माणसं आत्याकडं बघायला लागली. महिनाभर आत्या ज्याची वाट बघत होती ते हेच होतं. नवरीचा बाप भर रस्त्यात हात जोडून उभा होता आणि काय हवं ते विचारत होता. आत्यानं पदर सारखा केला. घसा खाकरला. खंडूआबांचा सुटलेला फेटा तिनं एकदा पाहिला आणि एक अनवाणी पाय पाहिला. पळताना त्यांची एक चप्पल उसातच राहिली होती.

"देवकाते," ती म्हणाली, "आधी फेटा बांधा. आमी रुसलो न्हाय. ट्रॅक्टर रुसलाय. दांडी वाकलीय, डाव्या अंगाला वळंना झालाय. पुढनं वळसा घालून तुमच्याच दारात येतोय. आमाला काय नको. एक कळशी पाणी तेवढं पाठवा, लाडू खाल्ल्यात."

खंडूआबांना पटलं असावं, पण पुरतं नाही. ते वाकून दांडी बघून आले. परत येऊन सुकन्याकडं बघितलं. "खरंच येणार ना गं पोरी?"

"येणार," सुकन्या म्हणाली. "अजून तीन वळणं ऱ्हायलीत. सगळी ह्या हाताला." तिनं हात वर केला.

"मग मी बी येतो," असं म्हणून खंडूआबा चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढले आणि बिरूआबांच्या बाजेच्या कडेला बसले. व्याह्याला डोळ्यांपुढनं हलू द्यायचं नाही, असा त्यांचा बेत असावा. बाकीची माणसं बाजूला झाली आणि ट्रॅक्टर पुढं निघाला. पळीवाला मागच्या ट्रॉलीच्या फळीवर लटकला.

कालव्याचा रस्ता, मग बाभळीच्या वाटेचा मोकळा तुकडा. त्या तुकड्यावर दोन्ही बापांनी पहिल्यांदा नीट गप्पा मारल्या. याआधी बोलणं झालं होतं ते बैठकीतलं, चार माणसांच्या देखत, मोजून-मापून. आता एकानं प्लास्टर कसं झालं ते सांगितलं आणि दुसऱ्यानं त्यावर आपल्या मोडलेल्या हाताची गोष्ट सांगितली. सुकन्या पाठमोरी उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं. शेवटच्या चौकात तिनं हात वर केला आणि तात्यांनी वळवलं. समोर सरळ मांडव होता.

या वेळी बँड सुरू झाला तो थांबला नाही. मांडवाच्या तोंडाशी दिपालीची आई, प्रयागबाई, ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. ट्रॉली थांबली. फळी उघडल्यावर पहिल्यांदा उतरले ते तिचेच यजमान, एका पायात चप्पल घालून. प्रयागबाईंनी ताट धरलं होतं ते तसंच राहिलं.

"तुमी ह्यांच्यातनं कसं काय आलात?"

"आलो आपला," खंडूआबा म्हणाले. "ओवाळ, ओवाळ. पाव्हणं मागं हायती."

लोक हसायला लागले, आणि प्रयागबाईंनी खरंच नवऱ्यालाच आधी कुंकू लावलं. मग राम उतरला. आबांची बाज वस्तीवरच्या माणसांनी उतरवली. चौघांनी नाही, आत्यानं बजावून पाचवा माणूस लावला. मुहूर्त थोडा टळून गेला होता, पण भटजींनी पंचांग चाळून नंतरचा एक चांगला मुहूर्त शोधून दिला. अक्षता पडल्या. सुकन्या दिवा घेऊन भावाच्या पाठीशी उभी होती आणि दिवा विझू नये म्हणून तळव्याचा आडोसा धरत होती. आत्याला पहिल्या पंगतीला पाटावर बसवलं, खंडूआबांनी स्वतः वाढलं, आणि जेवणाच्या आधीच चहा आला. तो तिनं बशीत ओतून दोनदा घेतला.

दुपारून वस्तीवरच्या कुणाचा तरी वेल्डिंगवाला मेव्हणा सामान घेऊन आला. त्यानं पिन काढली आणि दांडी तापवून सरळ केली. तात्या त्याच्या शेजारी उकिडवे बसून पूर्ण वेळ सूचना देत होते.

निघायला दिवस कलला. दिपाली आईच्या गळ्यात पडून रडली, मग वडिलांच्या, मग ट्रॉलीत सुकन्याच्या शेजारी येऊन बसली. मोठा रस्ता लागेपर्यंत ती मागं वळून वस्तीकडं बघत होती. सुकन्यानं पाण्याची बाटली दिली, ती तिनं घेतली.

"मी बघत होते," दिपाली थोड्या वेळानं म्हणाली. "मागच्या खोलीच्या खिडकीतनं. केस निम्मे झाले होते. ट्रॅक्टर पुढं गेला तशी मावशी रडायलाच लागली."

"आन तू?"

"मी म्हटलं, येतील." ती ओशाळून हसली. "म्हटलं एवढं सजवून आणलेलं कोण परत नेतंय. पन खरं सांगा वन्सं, रुसला न्हवता ना?"

"आमच्यात रुसणारी एकच हाय आणि तीच तुमच्या बाजूनं बोलली."

छबूआत्या समोरच बसली होती. तिनं ऐकलं नसल्यासारखं केलं. मग हातातली देवकात्यांनी दिलेली साडी उलगडून तिनं दिपालीला दाखवली आणि रंग कसा आहे ते विचारलं. दिपाली म्हणाली, रंग मीच निवडलाय. आत्यानं साडी परत घडी घालून मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत बसली.

भवानीनगर जवळ आलं तेव्हा दिपालीला डुलकी लागली होती. तिचं डोकं हळूहळू कलत कलत सुकन्याच्या खांद्यावर आलं, केसातला गजरा गालाला टोचायला लागला. सुकन्या हलली नाही. पुढच्या फळीशी बसलेल्या रामनं मान मागं वळवून बघितलं आणि पुन्हा समोर बघू लागला. तात्यांनी ट्रॅक्टर सावकाश घेतला, रस्त्यावरचे खड्डे एकेक करून चुकवत.